तिकडचं काऊन सोडलं, भाऊ?

मुलाखतीत टॅली, टायपिंग, तोडकं इंग्रजी सगळं निभून जातं. घाम फुटतो तो 'जुनी नोकरी का सोडली' या एका प्रश्नाला. पुण्या-मुंबईत उत्तर थोडं रंगवून सांगता येत असेल. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात वणीला कोणाची कर्जवसुली कशी झोपली, हे दारव्ह्याच्या पतसंस्थेत अर्ज पोचायच्या आधी पोचलेलं असतं. साहेब फक्त पाहत असतात, गडी किती फेकतो ते.

तरी लोक फेकतातच. "घरचं वावर पाहाले कोणी नोयतं" ही सर्वांची लाडकी थाप. पण पीएफची सर्व्हिस हिस्ट्री, म्हणजे कुठं किती दिवस नोकरी केली त्याची नोंद, मागितली, की सीव्हीतून गाळलेले सहा महिने तिथं ठणठणीत उभे. जुन्या मालकानं नोकरी सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपल्याला ऑनलाइन टाकता येते. ते आधी उरकावं. जुन्या साहेबाला शिव्या तर देऊच नयेत. टेबलापलीकडचा माणूस त्याचा साडू निघू शकतो.

माझ्या मते उत्तर चार वाक्यांत संपावं. आधी आकडा: "टार्गेट ९० टक्के, माझी वसुली ७१." मग आपल्या हातातली चूक: "हप्ता ९० दिवस थकून खातं एनपीएत, म्हणजे अनुत्पादक कर्जांत, गेल्यावर मी दारात जायचो." मग बदल: "नंतर सोयाबीन बाजार समितीत गेलं, की त्याच आठवड्यात फेरी लावली." शेवटी त्यानंतरचा आकडा, सुधारला नसेल तर नाही म्हणावं. पावसावर आणि बोंडअळीवर खापर फोडावंसं वाटतं, कारणं खरीही असतात. पण शेजारच्या टेबलावरच्या पोरालाही तोच पाऊस होता.

खरा घात चौथ्या वाक्यानंतर होतो. साहेब गप्प. फाईल चाळतात, पंख्याकडे पाहतात. ती शांतता सोसत नाही आणि तोंडातून निघतं, "तशी एकदा कॅशही कमी भरली होती, पण मंग सापडली." विचारलं कोणी होतं, बाप्पा? एवढ्यात चहा येतो. तो बशीत ओतावा, फुंकत बसावं, तोंड गुंतलेलं राहतं.

आणि ज्याचा नंबर संदर्भाला देणार, त्याला आदल्या दिवशी फोन करावा. "साहेब, मी ७१ टक्के सांगून राह्यलो." तिकडून आवाज येईल, "अबे, ६८ होती!"

मग ६८ सांगावी.