भोकात बसतो म्हणून कंपास घेऊ नका

जुन्या शिडाच्या बोटीचा कंपास बदलताना काय बघायचं यावर एक मेसेज फिरतोय, त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात: जुना कंपास बसवायला बोटीत कापलेल्या भोकात बसेल तो घ्या, कंपास सगळे सारखेच असतात, नवा आहे म्हणजे बरोबरच दाखवणार, आणि तसंही जीपीएस असल्यामुळे कंपास नावापुरताच. वाचून मला काळजीच वाटली, कारण नवीन माणूस हे खरं मानून पैसे घालवणार.

आधी भोकाचं. अहो, अख्ख्या कामात बदलायला सगळ्यात सोपी गोष्ट भोकच आहे, लहान असेल तर कापून मोठं करता येतं आणि मोठं असेल तर वर प्लायची किंवा फायबरची रिंग लावून झाकता येतं. बघायचं ते हे की टिलर (सुकाणू फिरवायचा दांडा) धरून तुम्ही कुठे बसता, कारण टिलरच्या बोटीत माणूस बहुतेक वेळ एका बाजूला कडेला बसलेला असतो आणि तिथून बल्कहेडवरचा (केबिनच्या उभ्या भिंतीवरचा) कंपास लांब आणि तिरका दिसतो. म्हणून डायल मोठी हवी, आकडे ठळक हवेत, आणि जिच्यासमोर आकडा वाचायचा त्या समोरच्या रेषेशिवाय दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर जादा रेषा असतील तर फार बरं. घेण्याआधी त्याच मापाची डायल कागदावर काढून जागेवर चिकटवा आणि नेहमीच्या जागी बसून वाचून बघा, संध्याकाळच्या उजेडातही.

"सगळे सारखेच" हे तर साफ चूक. शिडाची बोट वाऱ्यावर २०-२५ अंश कलून तासन् तास चालते, आणि मोटरबोटीसाठी बनवलेल्या काही कंपासांची डायल तेवढ्या कलण्यात आत घासते किंवा अडकते. मी एका जुन्या बोटीवर हे बघितलंय, बोट वळत होती आणि आकडा जागचा हलत नव्हता! दुकानातच कंपास हातात धरून चारही बाजूंना ३० अंश कलवा, डायल सपाट राहून मोकळी फिरली पाहिजे. मग लोखंडी पाना जवळ नेऊन डायल थोडी ओढा आणि पाना लांब न्या, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, दोन्ही वेळा ती त्याच आकड्यावर परत आली पाहिजे, नाही आली तर आतलं टोक झिजलंय किंवा घासतंय. जुना कंपास टाकण्याआधी त्याचीही हीच टेस्ट घ्या, तो पास झाला आणि आतल्या द्रवात फक्त बुडबुडा असेल तर द्रव भरून, सील बदलून तो वाचू शकतो, मात्र द्रव मूळ प्रकारचाच हवा. आणि हो, डायल पृथ्वीच्या कुठल्या भागासाठी तोललीय तेही विचारा, उत्तर गोलार्धासाठीची दक्षिणेत खूप खाली नेली की एका बाजूला झुकते.

नवा म्हणजे बरोबर? कंपास जिथे बसवलाय तिथलं चुंबकीय क्षेत्र दाखवतो, मग त्यात इंजिन, स्पीकर, वायर सगळं आलं. १० अँपिअर वाहणारी एकटी वायर १० सेंटिमीटरवर सुमारे २० मायक्रोटेस्ला क्षेत्र तयार करते, आणि पृथ्वीचं आडवं क्षेत्र बऱ्याच ठिकाणी २० ते ४० च्या आसपासच असतं, म्हणजे सुई किती भरकटेल बघा. म्हणून जाणारी-येणारी वायर एकमेकीला पीळ देऊन न्यायची, कंपासच्या दिव्याचीसुद्धा. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये रेनबो या लोखंडी जहाजावर चुंबक लावून कंपासची चूक काढून दाखवली होती, आजच्या कंपासमधले छोटे करेक्टर (फिरवता येणारे चुंबक) तेच काम करतात, पण ते फिरवावे लागतात, आपोआप काही होत नाही. बोट आठ दिशांना उभी करून कंपासचा आकडा आणि प्रत्यक्ष दिशा यांतला फरक लिहून ठेवा. ५ अंशांची चूक १२ सागरी मैलांत तुम्हाला जवळपास १ मैल बाजूला नेते.

राहिलं जीपीएस. बोट कुठे आहे हे सांगण्यात त्याच्या जवळ कोणी येत नाही, मी रोज वापरतो. पण साधा जीपीएस बोट कुठे सरकतेय ते सांगतो, तिचं नाक कुठे आहे ते नाही, आणि प्रवाह आडवा असला की या दोन्हींत चांगलाच फरक पडतो. वारा पडून बोट जवळजवळ थांबली की स्क्रीनवरची दिशा इकडून तिकडे उड्या मारायला लागते, आणि रात्री नेमकं तेव्हाच शीड कुठल्या बाजूला घ्यायचं ते ठरवायचं असतं.