‘फोटो नारिंगी झाले, पैसे पाण्यात गेले’: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

लग्नाच्या फोटोंसाठी घेतलेला आमचा प्रीसेटचा (एका क्लिकमध्ये फोटोचे रंग आणि उजेड बदलणाऱ्या तयार सेटिंगचा) संच तुमच्या जेपेग फोटोंवर लावल्यावर चेहरे नारिंगी झाले, सावल्या काळ्या पडल्या, फोनवरची फाइल चालली नाही, आणि पैसे परत मागितल्यावर ‘डिजिटल वस्तू परत घेत नाही’ एवढंच ठरावीक उत्तर मिळालं, असं तुम्ही लिहिलंय. जोडलेले दोन्ही फोटो मी मोठे करून पाहिले. तुमची तक्रार खरी आहे.

हा संच मी रॉ फाइलींवर, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलींवर बनवला. 14 बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाला 16,384 पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये 256. त्यातून जेपेग तयार होतानाच कॅमेरा कॉन्ट्रास्ट आणि रंग चढवून देतो. माझ्या प्रीसेटने तेच दुसऱ्यांदा केलं, म्हणून सावल्यांतला तपशील गेला. व्हाइट बॅलन्सचा (फोटोतला पिवळेपणा-निळेपणा ठरवणाऱ्या सेटिंगचा) केल्विन या एककातला आकडाही जेपेगवर चालत नाही, तिथे असलेल्या रंगापासून उणे 100 ते अधिक 100 एवढंच सरकता येतं. तुमचे फोटो पिवळ्या दिव्यांखालचे आहेत, आणि मी त्वचेसाठी पिवळा रंग नारिंगीकडे ढकललेला आहे. सकाळच्या मऊ उजेडात त्याने चेहरा खुलतो. तुमच्या फोटोंत उलटं झालं.

पण मोठी चूक विक्रीच्या पानावर होती, आणि ती माझी. तिथले ‘आधीचे’ फोटो खरे आधीचे नव्हते. एक्सपोजर (फोटोचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्स मी सवयीने दुरुस्त करून घेतले होते आणि मग प्रीसेट लावला होता. पाहणाऱ्याला साहजिकच वाटतं की सगळी किमया एका क्लिकची आहे. ते फोटो काल काढले. आता कॅमेऱ्यातून आले तसेच लावलेत, पिवळ्या दिव्यांखालच्या एका जेपेगसह, ज्यावर हा प्रीसेट वाईट दिसतो.

फोनची फाइल डीएनजी आहे, म्हणजे प्रीसेटची सेटिंग आत साठवलेली फोटोची फाइल. गॅलरीत उघडली तर ती नुसता एक फोटो दिसते. लाइटरूम या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये घेऊन, तिथल्या मेनूतून तिच्यावरून प्रीसेट तयार करावा लागतो. ही माहिती झिपमधल्या एका पीडीएफच्या शेवटच्या पानावर होती. तिथपर्यंत कोण जाणार? आता ती खरेदीच्या मेलमध्येच सगळ्यात वर येते.

‘पाच मिनिटांत कुणीही सरकवेल असे स्लायडर’ असं तुम्ही संचाबद्दल लिहिलंय, ते मात्र मला मान्य नाही. वेगवेगळ्या वर्णांच्या चेहऱ्यांवर, सावलीत, पाठीमागून येणाऱ्या उजेडात तपासताना ठेवले त्याहून जास्त प्रीसेट मी टाकून दिले. किंमत त्या कामाची आहे. तरी तुमच्या रागातलं एक मला पटलं. शूटला ग्राहक समोर असतो, फोटो आवडला नाही तर त्याच्या चेहऱ्यावरच कळतं. फाइल एकदा विक्रीला ठेवली की घेणाऱ्याच्या पडद्यावर काय झालं, ते विकणाऱ्याला दिसत नाही. मला तर तुम्ही लिहिलंत म्हणून कळलं.

डाउनलोड झालेली फाइल परत घेता येत नाही, म्हणून तो नियम होता. पण पानावरच्या वर्णनात चूक असेल तर नियम पुढे करणं बरोबर नाही, आणि यापुढे तसं होणार नाही. तुमचे पूर्ण पैसे आज परत पाठवले आहेत. संच तुमच्याकडेच राहू द्या.

जेपेगसाठी वेगळा संच करायला घेतलाय, त्यात व्हाइट बॅलन्सला हात लावलेला नाही. तोवर वापरायचाच असेल तर आधी फोटोतला पिवळेपणा काढा, मग प्रीसेट लावा आणि त्याची मात्रा निम्म्यावर आणा. लाइटरूममध्ये त्यासाठी 2022 पासून स्लायडर आहे.

एक विनंती आहे. या दोन फोटोंच्या मूळ फाइली नव्या संचाच्या चाचणीसाठी द्याल का? त्या कुठेही दाखवणार नाही, चाचणी झाली की पुसून टाकेन. खरेदीच्या मेललाच उत्तर दिलंत तर ते थेट माझ्याकडे येईल. द्यायच्या नसतील तरी हरकत नाही, परताव्याचा त्याच्याशी संबंध नाही.