उंदीर पोखरून

डोंगर पोखरून उंदीर काढणाऱ्याला लोक हसतात. मी तर उंदीर पोखरते.

उंदराच्या मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी वेगळ्या करायच्या, हे माझं काम. हे अस्तर म्हणजे मेंदूचे दरवान. १८८५ साली पाउल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञानं प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा बाकीचे अवयव रंगले आणि मेंदू कोरडाच राहिला. मेंदूला रंग धरता येत नसावा, असं त्याला वाटलं. दरवानांचा संशय त्याला आला नाही. मला मात्र रोज येतो.

मेंदू अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. तो टिपकागदावर लोळवायचा, म्हणजे वरची आवरणं कागदाला चिकटून निघतात. प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय, 'हळुवार'. माझ्या हातून आवरणासकट निम्मा मेंदूही कागदावर राहायचा. मग तुकडे करून ३७ अंशांवर कोलॅजिनेजमध्ये, म्हणजे पेशींना जोडणारा धागा तोडणाऱ्या विकरात, ठेवायचे. लवकर काढले तर गुठळ्या, उशीर झाला तर पेशीच गतप्राण.

त्यानंतर अल्ब्युमिन या प्रथिनाचं दाट द्रावण. ते ढवळायचं नाही, फेस होतो. पूड वर भुरभुरायची आणि ती आपणहून विरघळेपर्यंत बघत बसायचं. (संयम शिकवणाऱ्या शिबिरांना मी पैसे देणार नाही, माझा अभ्यासक्रम पूर्ण झालाय.) मेंदूचा लगदा त्यात मिसळून सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवला आणि नळी काढली, की वर मायलिनची, म्हणजे चेतातंतूंवरच्या स्निग्ध वेष्टनाची, जाड पांढरी साय आणि तळाशी रक्तवाहिन्यांचा टिकलीएवढा गाळ. इथे साय फेकायची आणि गाळ जपायचा. जन्मभराची सवय उलटी, त्यामुळे एकदा व्हायचं तेच झालं. सक्शनची नळी जरा खोल गेली, 'सुर्रर्र' झालं आणि सकाळी सातपासूनची कमाई कचऱ्याच्या बाटलीत. त्या बाटलीकडे मी किती वेळ बघत उभी होते, कोण जाणे.

दुसऱ्या खेपेला गाळ वाचला. मग प्युरोमायसिन, म्हणजे चक्क विष! माझ्या पेशींच्या पडद्यावर पंप असतात, त्या विष आत येताच बाहेर फेकतात, बाकीच्या मरतात. तरी एक-दोन पेरिसाइट, म्हणजे केशवाहिन्यांना बाहेरून बिलगणाऱ्या पेशी, तग धरतातच, कोपऱ्यात पथारी पसरून.

पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली लांबट पेशींची भोवऱ्यांसारखी वळणं दिसली. मी सरांना ओढतच आणलं.

"छान," सर म्हणाले. "पण वाढवत बसलीस तर दरवानगिरी विसरतात हं या. पुढच्या प्रयोगाला ताज्या काढ."

घरी फोनवर आईनं विचारलं, "मिळाल्या का गं तुझ्या पेशी?"

"मिळाल्या."

"मग आता सुट्टी?"

"सोमवारी पुन्हा काढायच्यात."

"अगं, मिळाल्या ना?"