फाटकावरही घड्याळ हवं

माझ्या धाकट्या भावाच्या तीन गाड्या आहेत. गाड्या म्हणजे ट्रक; आमच्या घरात ट्रकला कुणी ट्रक म्हणत नाही. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून माल भरायचा आणि पुणे, कोल्हापूर, हुबळी, कधी थेट बेंगळुरूला खाली करायचा. गेल्या महिन्यात त्याच्या एका चालकाला खंबाटकीच्या अलीकडे पहाटे डुलकी लागली आणि गाडी दुभाजकाला घासत गेली. जीव वाचला, पुढचा एक टायर आणि बंपर गेला. त्या रात्री भावाचा फोन आला. "ताई, तुमच्याकडे ते तास मोजायचं यंत्र असतं ना गाडीत? ते इकडे सक्तीचं करायला पाहिजे बघ. त्याशिवाय ही माणसं झोपायची नाहीत."

त्यांच्या वाहतूकदारांच्या ग्रुपवर यावरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, अमेरिकेसारखं यंत्र बसवा, प्रश्न मिटेल. दुसरा म्हणतो, यंत्र आलं की नाक्यावर आणखी एका दंडाची सोय झाली. भावाला माझं मत हवं होतं, कारण मी इलिनॉयमधल्या जोलिएटजवळ एका छोट्या ट्रकिंग कंपनीत नेमकं हेच काम करते. सकाळी आल्याआल्या बेचाळीस चालकांचे कालचे तास तपासायचे. फोनवर मी त्याला म्हटलं, "यंत्र चांगलं आहे, पण तुम्ही ते आमच्यासारखं बसवू नका." हे अर्धवट उत्तर झालं. पुरं उत्तर इथे लिहिते.

आधी नियम काय आहे ते. अमेरिकेत मालाची मोठी गाडी चालवणाऱ्याने दिवसात जास्तीत जास्त ११ तास चालवायचं. हे ११ तास कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत बसले पाहिजेत. मग सलग १० तास विश्रांती. ८ तास चालवणं झालं की किमान अर्धा तास थांबायचं. आठ दिवसांत ७० तास भरले की गाडी हलवायची नाही. सलग ३४ तास सुट्टी घेतली की हिशेब पुन्हा शून्यापासून. तासांवर मर्यादा १९३० च्या दशकापासूनच आहे, पण नोंद चालकानेच कागदावर करायची. आडवा तक्ता, त्यात चार ओळी: सुट्टी, मागच्या बर्थवर झोप, चालवणं, आणि चालवत नाही पण कामावर आहे. पट्टी घेऊन रेघ ओढायची. आमच्याकडचे जुने चालक सांगतात, कित्येकांच्या डॅशबोर्डवर दोन वह्या असायच्या, एक पोलिसांना दाखवायची आणि एक पगाराची.

२०१२ च्या कायद्याने हे बदलायचं ठरवलं आणि १८ डिसेंबर २०१७ पासून इंजिनाला जोडलेलं यंत्र सक्तीचं झालं. चाक फिरलं की नोंद झाली. रस्त्यावर अधिकाऱ्याने थांबवलं की आजचा आणि मागच्या सात दिवसांचा हिशेब एका बोटाने त्याच्यापुढे जातो. २००० सालाच्या आधीच्या इंजिनाला सूट आहे, जवळपासच्या फेऱ्या करणाऱ्यांना आहे, पण लांब पल्ल्याच्या गाडीला सुटका नाही.

याचं मोल मी कमी लेखणार नाही. माझे वडील गाडी चालवायचे. झोप येऊ नये म्हणून डोळ्यांखाली बाम चोळायचे. मी शाळेत जाताना ते घरी येत आणि त्यांच्या गालाला तो वास येई. कितीतरी वर्षं मला वाटायचं, बाबांचं डोकं सारखं दुखतं. मालकाचा निरोप एकच, सकाळी गाडी दारात पाहिजे. त्या मालकाला "माझे तास संपले" असं सांगायची सोय बाबांकडे कधीच नव्हती. आमच्या चालकांकडे ती आहे. माल मिळवून देणाऱ्या दलालाने कितीही घाई केली तरी चालक म्हणतो, घड्याळ संपलंय, आणि बोलणं तिथेच संपतं. तास मोडायला लावणाऱ्या कंपनीला, दलालाला, माल पाठवणाऱ्याला दंड करायची तरतूद २०१६ पासून आहे.

मग भावाला मी नको का म्हटलं?

ते सांगण्यासाठी मला मार्चमधला एक दिवस सांगावा लागेल. आमचा एक चालक, पन्नाशीचा, शांत माणूस. पहाटे ५ ला निघाला, म्हणजे त्याचे १४ तास संध्याकाळी ७ ला संपणार. ९ वाजता तो किराणा मालाच्या एका मोठ्या गोदामावर पोचला. वेळ १० ची दिली होती. रांग होती. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पुढची गाडी सरकली की याने सरकायचं, त्यामुळे मागे जाऊन आडवंही होता येईना. २०२० मध्ये नियम थोडा सैल झाला आहे. सलग किमान दोन तास खरी विश्रांती मिळाली आणि नंतर बर्थवर किमान सात तासांची झोप घेऊन दोन्ही मिळून दहा तास भरले, तर त्या विश्रांतीचा वेळ १४ तासांतून वगळता येतो. पण रांगेत सरकत राहणाऱ्याला ते सलग दोन तास मिळायचे कुठून? साडेतीनला गाडी खाली झाली. चालवण्याचे सात तास अजून शिल्लक होते, पण दिवसातले उरले होते साडेतीनच.

६ वाजून २२ मिनिटांनी त्याचा फोन आला. माझ्या पडद्यावर त्याच्या नावापुढे ३८ मिनिटं दिसत होती आणि आकडा पिवळा झाला होता. तो म्हणाला, दोन ट्रक-स्टॉप बघितले, दोन्ही भरले आहेत, लोक आत शिरायच्या वाटेवरसुद्धा उभे आहेत. मी नकाशावर पुढची जागा शोधत होते आणि तो चालवत होता. मला त्याच्या गाडीचा वेगही दिसत होता आणि तो वाढत होता. मी त्याला "सावकाश" म्हटलं आणि म्हणताना मला कळत होतं की माझ्या हातात दुसरं काहीच नाही. ६.५४ ला त्याने महामार्गावरून उतरणाऱ्या एका वळणरस्त्याच्या कडेला गाडी लावली. शेजारून रात्रभर गाड्या उतरत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नोंद तपासली. सगळं हिरवं, नियमाचा एकही भंग नाही.

त्या दिवशी त्याला पैसे मिळाले सव्वाचारशे मैलांचे. गोदामाबाहेरच्या साडेसहा तासांचं काही नाही. थांबण्याचे पैसे मागता येतात, पण पहिले दोन तास बहुतेक ठिकाणी फुकट धरतात आणि पुढचे मिळतील की नाही हे दलालाच्या मर्जीवर. इथल्या १९३८ च्या मजुरी कायद्यात आठवड्याच्या ४० तासांनंतर दीडपट मजुरी आहे, पण त्यातून ट्रकचालक वगळले आहेत. ही सूट काढावी असं विधेयक संसदेत मांडलं गेलं, मंजूर झालेलं नाही.

आता या दोन गोष्टी एकत्र ठेवा. पैसे मैलाचे मिळतात आणि घड्याळ मिनिटाने पळतं. गोदामाने खाल्लेला वेळ चालक कुठून भरून काढणार? रस्त्यावरूनच. विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी यंत्र सक्तीचं होण्याआधीची आणि नंतरची आकडेवारी ताडून पाहिली. छोट्या कंपन्यांत तासांचे नियम पाळण्याचं प्रमाण वाढलं, पण अपघात कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि वेगमर्यादा मोडण्याचे प्रकार वाढले. मला ते वाचून धक्का बसला नाही. मी तो वेग पडद्यावर बघितला होता.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. २००९ मध्ये दक्षिण कॅरोलायनात एक चालक माल उतरवायच्या ठिकाणी वेळेआधी आला. तिथे थांबू देत नसल्याने त्याने बंद पडलेल्या एका पेट्रोल पंपावर गाडी लावली. रात्री खिशातल्या ७ डॉलरसाठी त्याचा खून झाला. ट्रकसाठी सुरक्षित थांबे उभारण्याचं कलम त्याच्या नावाने ओळखलं जातं, आणि ते २०१२ च्या त्याच कायद्यात आहे ज्याने यंत्र सक्तीचं केलं. एकाच कायद्यातली ही दोन कलमं. यंत्र पाच वर्षांत गाड्यांत येऊन बसलं. थांबायला जागा आजही अपुरी आहे.

हेच मला भावाला सांगायचं होतं. यंत्र स्वस्त असतं आणि ते एका माणसावर बसवता येतं, म्हणून ते आधी येतं. गोदामाला शिस्त लावणं, मजुरीची पद्धत बदलणं, जागा विकत घेऊन थांबे बांधणं हे महाग आणि अवघड, म्हणून ते मागे पडतं. आणि एकदा यंत्र आलं की बाकीच्यांना वाटतं, आपलं काम झालं.

भारतात तासांचा कायदा नाही, असं ग्रुपवर बरेच जण लिहितात. कायदा आहे, तोही १९६१ पासून. मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही तिचाच हवाला दिला, आणि २०२० च्या कामगार संहितेत हा जुना कायदा सामावून घेतला. पण मूळ अट अशी की व्यवसायात किमान पाच कामगार हवेत. माझ्या भावाकडे तीन गाड्या आणि तीन चालक. क्लीनर परवडेनात म्हणून काढले. म्हणजे कायदा त्याच्या दारापर्यंत पोचतच नाही, आणि आपल्याकडे बहुतेक गाड्या अशाच एक-दोन-तीन गाड्यांच्या मालकांच्या आहेत. त्यात २०१८ मध्ये नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक हवेत ही अटही काढली. एकाने चालवायचं आणि दुसऱ्याने झोपायचं, ही निदान कागदावर तरी होती ती सोय गेली. २०२१ मध्ये नितीन गडकरींनी वैमानिकांसारखे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत आणि झोप ओळखणारे सेन्सर बसवावेत असं म्हटलं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. समृद्धीवर १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली आणि टायर फुटला की चालकाला डुलकी लागली यावर वाद झाला. असे वाद निकाली काढायला तासांची भरवशाची नोंद असायला हवी, हे मला पटतं.

पण नोंद आपण आजही ठेवतोच की. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्याच्या ऑनलाइन दाखल्याची, मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी चालते. फास्टॅग प्रत्येक टोलनाक्यावर वेळ लिहून ठेवतो. गाडीत कोणता माल आहे, किती वाजता कुठून गेला, हे सरकारला मिनिटाबरोबर कळतं. तो माल ओढणारा माणूस शेवटचा कधी झोपला, एवढंच कुणी विचारलेलं नाही.

म्हणून दुसऱ्या तटाचा राग मला समजतो. जानेवारी २०२४ मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाला नव्या न्याय संहितेत ठेवलेल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध चालक रस्त्यावर उतरले, महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि ते कलम आजवर लागू झालेलं नाही. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलानविरुद्ध संप केला. या लोकांनी आजवर पाहिलेलं प्रत्येक यंत्र त्यांच्याकडून काहीतरी घेऊन गेलं. नवं यंत्र त्यांना काही देणार असेल, तरच ते त्याला हात लावू देतील. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली, हे खरं देणं आहे. चाळीस अंशांत दुपारी तापलेल्या केबिनमध्ये झोप लागत नाही, आणि दुपारी न झोपलेला माणूस पहाटे खंबाटकीत डुलकी खातो.

आणि यंत्र आणायचंच असेल तर त्या चार ओळींखाली पाचवी ओळ हवी, अडकून पडल्याची. गाडी कारखान्याच्या फाटकावर आली ती वेळ, आत घेतली ती वेळ, बाहेर सोडली ती वेळ. दोन तासांपुढचं हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे, माल मागवणाऱ्याच्या खात्यावर आपोआप चढलं पाहिजे आणि त्यातला चालकाचा वाटा ठरलेला पाहिजे. यंत्र खरं मोजतं की नाही हेही बनवणाऱ्याच्या शब्दावर सोडू नये. अमेरिकेत बनवणारा स्वतःच दाखला देतो; कॅनडाने २०२१ मध्ये नियम आणला तेव्हा तिऱ्हाईत संस्थेकडून तपासणी घातली. आपण कॅनडाकडून घ्यावं.

बाबांची खर्चीची डायरी माझ्याकडे आहे, इथे येताना मी ती मागून आणली. डिझेल, टोल, एंट्री, हमाली, चहा, सगळं पैशाला पैसा लिहिलेलं. एकदा पिंपरीच्या एका कारखान्याबाहेर ते तीन दिवस माल घेऊन उभे होते; आईने माझ्या वाढदिवसाला केलेला शिरा चौथ्या दिवशी गरम करून दिला, म्हणून मला ते लक्षात आहे. डायरीत त्या तीन तारखांना फक्त चहा आणि जेवणाचे पैसे आहेत.

यंत्र येईल तेव्हा येईल. भावाला मी म्हटलं, तोवर बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावतीच्या, मागे दोन चौकोन छापून घे, पोचल्याची वेळ आणि सुटल्याची वेळ, आणि फाटकावरच्या माणसाची सही घ्यायला सांग. "सही कोण देतंय ताई," असं म्हणाला, पण छापून घेतले. परवा त्याने पहिला फोटो पाठवला. तळोज्यातलं एक गोदाम. पहिल्या चौकोनात ७.४०, पुढे रखवालदाराची सही. दुसऱ्या चौकोनात सही नाही. चालकाने स्वतःच बॉलपेनने लिहिलंय, दुसऱ्या दिवशी दुपारी २.१५.