पहिली पाच मिनिटं साइटवरच्या माणसांचीच असतात

खाण असो, समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म असो, बोगदा, पवनचक्की किंवा वस्तीपासून लांबचा रसायनांचा कारखाना असो, "वैद्यकीय सोय काय आहे?" असं विचारलं की बोट दाखवलं जातं ते फर्स्ट एड रूमकडे आणि फाटकाशी उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेकडे. दोन्ही हव्यातच. पण नियोजन तिथेच संपत असेल तर ते अपघात झाल्यानंतर पंधराव्या मिनिटापासून सुरू होणारं नियोजन आहे, आणि माझा आक्षेप नेमका त्यावर आहे.

मांडीतली मोठी रोहिणी तुटली तर माणूस तीन ते पाच मिनिटांत दगावू शकतो. हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब नाही आणि हृदय पुन्हा सुरू करणारा विजेचा शॉकही नाही, अशा अवस्थेत जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. आता मेडिकच्या, म्हणजे साइटवरच्या वैद्यकीय कर्मचाऱ्याच्या, खोलीपासून कामाच्या जागेपर्यंतचा वेळ मोजा. निरोप पोचणं, बॅग उचलणं, दोन शिड्या, एक लिफ्ट. मेडिक कितीही हुशार असला तरी तो आठव्या मिनिटाला पोचणार. म्हणून पहिल्या पाच मिनिटांचं कौशल्य कामगाराच्या हातात असलं पाहिजे आणि साहित्य त्याच्यापासून हाताच्या अंतरावर.

टूर्निकेटचंच घ्या, म्हणजे हातापायातलं रक्त थांबवायला दांडीने पिळून आवळायचा पट्टा. प्रथमोपचार पेटीत ती नसतेच, किंवा असली तरी कोणी उघडलेली नसते. ती बांधायची जखमेच्या 5 ते 7 सेंटिमीटर वर, सांध्यावर कधीच नाही. पट्टा आधी हाताने शक्य तितका ओढून घ्यायचा आणि मगच दांडी फिरवायची. पट्टा ढिला ठेवून नुसती दांडी पिळली की ती दोन-तीन फेऱ्यांत अडते आणि रक्त चालूच राहतं. बहुतेक वेळा चूक होते ती इथेच. रक्त थांबेपर्यंत पिळायचं; जखमी ओरडतो म्हणून सैल करायचं नाही, कारण अर्धवट आवळलेली टूर्निकेट फक्त शिरा दाबते, रोहिणी वाहतच राहते. एकीने भागत नसेल तर तिच्या लगेच वर दुसरी. बांधल्याची वेळ मार्करने लिहायची. दोरी, वायर किंवा कमरेचा पट्टा वापरू नका, अरुंद पट्ट्याने ऊती चिरडतात आणि रक्त थांबतही नाही. जांघेत, काखेत टूर्निकेट बसत नाही. तिथे जखमेच्या तळापर्यंत गॉझ (जाळीदार कापड) ठासून भरायचा आणि त्यावर घड्याळ लावून दहा मिनिटं दाब द्यायचा. मध्ये उचलून बघायचं नाही.

विजेच्या धक्क्यात आधी पुरवठा तोडायचा, मग हात लावायचा. नाडी बघत बसू नका. माणूस प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढं पुरेसं आहे: छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. एईडीच्या, म्हणजे छातीला पॅड लावून शॉक देणाऱ्या यंत्राच्या, पेटीत जाड कपडा कापणारी कात्री, टॉवेल आणि रेझर हवाच. घामेजलेल्या छातीवर पॅड चिकटत नाहीत. लोखंडी जाळीवर पडलेल्या माणसालाही शॉक देता येतो. पॅड धातूला लागू नयेत आणि शॉकच्या क्षणी कोणी त्याला शिवू नये, इतकंच. मात्र ज्वालाग्राही वायू असलेल्या जागेत एईडी चालू करायचं नाही, आधी माणूस बाहेर. आणि हे यंत्र उन्हात तापणाऱ्या कंटेनरमध्ये टांगून ठेवलं तर पॅडवरचा जेल सुकतो, बॅटरी उतरते. भिंतीवर यंत्र दिसतं, प्रत्यक्षात ते निकामी असतं.

जीव हकनाक वाया जातात ते बंदिस्त जागेत: टाकी, मॅनहोल, सायलो (सुट्या मालाची उंच कोठी). अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने 1986 साली बजावलं होतं की अशा जागांतल्या मृतांपैकी निम्म्याहून जास्त माणसं वाचवायला उतरलेली असतात. एक पडतो, दुसरा "धरतो त्याला" म्हणून उतरतो, मग तिसरा. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) पुढे नाक बधिर होतं आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं, हे माहीत नसतं. 700 ते 1,000 पीपीएमला काही श्वासांत माणूस कोसळतो. ऑक्सिजन कमी असेल तर तेवढीही सूचना मिळत नाही. हवेत तो 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली प्रवेश बंद. गॅस डिटेक्टर वर, मध्ये आणि तळाशी, तिन्हीकडे लावायचा. आधी ऑक्सिजन, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी. झाकणापाशी एकदा धरून कागदावर आकडा लिहिणं म्हणजे तपासणी नव्हे.

इथला खरा वैद्यकीय उपचार म्हणजे तोंडाशी उभा केलेला ट्रायपॉड (तिपाई), विंच (दोरी ओढणारं यंत्र) आणि आत उतरलेल्याच्या हार्नेसला, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा-पट्ट्यांना, आधीपासून अडकवलेली दोरी. बाहेरचा माणूस आत न जाता त्याला वर ओढू शकला पाहिजे. ही दोरी कामात अडथळा येतो म्हणून सोडून ठेवतात. ती सोडायला परवानगी देणाऱ्या सुपरवायझरने त्या कामगाराची सुटकेची वाट बंद केली, असं मी स्पष्ट म्हणेन.

उंचीवर हार्नेसमध्ये लटकलेल्या माणसाबद्दल एक जुना गैरसमज अजून पोस्टरांवर आहे: खाली उतरवल्यावर त्याला आडवं करू नका, बसतं ठेवा. ब्रिटनच्या एचएसई या कामगार-सुरक्षा यंत्रणेने 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात या सल्ल्याला आधार सापडला नाही. त्याला लवकर उतरवा आणि नेहमीसारखं आडवं झोपवा. उतरवायला अग्निशमन दलाची वाट बघावी लागत असेल तर ते काम सुरूच करायला नको होतं.

रसायनांच्या बाबतीत पाणी हेच पहिलं औषध. एएनएसआय झेड358.1 या अमेरिकी मानकाप्रमाणे आय वॉश (डोळे धुवायचा फवारा) दहा सेकंदांत गाठता यायला हवा, पाणी सलग 15 मिनिटं मिळायला हवं आणि त्याचं तापमान 16 ते 38 अंशांत हवं. उघड्या पाइपातलं पाणी उन्हात इतकं तापतं की जखमी स्वतःच डोळा मागे घेतो, आणि गारठ्यात दोन मिनिटांपलीकडे तो तिथे उभा राहत नाही. आठवड्यातून एकदा पाणी सोडून बघितलं नाही तर पहिली धार गंजाची येते. हायड्रोफ्लोरिक ॲसिडची गोष्ट वेगळी. ते त्वचेतून आत जाऊन रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि हृदयाचा ठोका बिघडवतं. सौम्य द्रावणाची वेदना काही तासांनी सुरू होते, तोवर माणूस घरी गेलेला असतो. भरपूर पाण्याने धुवून लगेच 2.5 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, हातमोजे घालून, वेदना थांबेपर्यंत चोळत राहायचं. वेदना हाच इथला मीटर, म्हणून जागा बधिर करायची नाही. हे ॲसिड जिथे वापरलं जातं तिथे जेल कपाटात कुलूपबंद असण्याला काही अर्थ नाही.

उष्माघातात नियम सोपा आणि सर्रास मोडला जाणारा: आधी थंड करा, मग हलवा. अंग तापलेलं आहे, बोलणं असंबद्ध आहे, तर त्याला गाडीत घालून तासभर पळवू नका. बर्फ-पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत ठेवा, डोकं धरा, पाणी ढवळत राहा. शरीराचं आतलं तापमान अर्ध्या तासाच्या आत 39 अंशांच्या आसपास आलं पाहिजे.

मग मेडिकचं काम काय? तो पोचल्यापासून पुढचे कित्येक तास. ट्रॅनेक्सामिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध उत्तम उदाहरण. 2010 च्या क्रॅश-2 चाचणीत वीस हजारांवर जखमींवर ते तपासलं गेलं. 1 ग्रॅम, दहा मिनिटांत शिरेतून. पहिल्या तासात फायदा सगळ्यात जास्त, तीन तासांनंतर दिलं तर उलट नुकसान होऊ शकतं. रुग्णालय चार तासांवर असेल तर हे औषध रुग्णालयात असून उपयोग नाही, ते साइटवरच हवं आणि द्यायची लेखी परवानगीही आधीच हवी. छातीत दुखणाऱ्याचंही तसंच: 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून, दहा मिनिटांत 12 लीडचा ईसीजी, तो लगेच डॉक्टरांकडे आणि त्यांना फोन. अँजिओप्लास्टी दोन तासांत होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं औषध जागेवरच द्यायचं का, हा निर्णय त्या फोनवर होतो. दुर्गम साइटवर मेडिकला अपघातांइतकीच अशा आजारांचीही तयारी लागते.

ऑक्सिजनचा हिशोब तर कागद-पेन्सिलचा आहे. 680 लिटरचं सिलिंडर मिनिटाला 15 लिटरने 45 मिनिटं पुरतं. चार तासांच्या प्रवासाला 3,600 लिटर, म्हणजे सहा सिलिंडर. रुग्ण सावरला की प्रवाह कमी करता येतो, पण सावरेल हे गृहीत धरून एकच सिलिंडर ठेवू नये. हेलिकॉप्टरवर भिस्त असेल तर धुकं, वादळ, रात्र यांपैकी काहीही त्याला थांबवू शकतं. रस्त्याने न्यायची योजना तितकीच पक्की हवी.

राहिलं स्ट्रेचर. जिन्याच्या वळणावर ते फिरतं का, हे खरा माणूस बांधूनच कळतं. चौघांना शंभर-दोनशे मीटरनंतर दम लागतो, बदली टोळी लागते.

हे सगळं मॉक ड्रिलमध्ये बघायचं, आणि ड्रिल रात्रपाळीत, सेफ्टी ऑफिसर सुट्टीवर असताना, न सांगता. वहीत हजेरीऐवजी तीन वेळा लिहा: पहिला दाब किंवा टूर्निकेट कितव्या मिनिटाला, मेडिक कितव्या मिनिटाला पोचला, स्ट्रेचर गाडीपर्यंत कितव्या मिनिटाला आलं. पहिला आकडा पाचाच्या पुढे असेल तर त्या जागेवरचं काम दुसऱ्या दिवशी सुरू करण्याआधी साहित्य जवळ आणा आणि पुन्हा ड्रिल घ्या.