काकू, तो पावडरीचा डबा परत न्या

आज संध्याकाळी सोसायटीच्या गेटपाशी मणिपूरच्या हिंसाचारात बेघर झालेल्यांच्या छावण्यांसाठी ठेवलेलं खोकं उघडलं आणि डोकंच फिरलं. वर जुन्या साड्या, त्यांखाली कुणाचे तरी लहान झालेले गणवेश, आणि तळाशी तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीचा कोरा करकरीत डबा. सोबत दोन बाटल्या, बुचांसकट. डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली: "बाळासाठी". अक्षर ओळखीचं होतं, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं.

काकूंची माया खरी आहे, ती कुणी नाकारत नाही. पण छावणीत हाच डबा बाळाच्या जिवावर उठतो. हे आजवर कुणी नीट सांगितलं नसेल, तर आज ऐका.

दोन महिन्यांचं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. पाचशे ग्रॅमचा डबा चार-पाच दिवसांत संपतो. त्या चार-पाच दिवसांत काय काय लागतं? दिवसातून सहा-आठ वेळा उकळलेलं पाणी, ते ठेवायला झाकणाचं भांडं, दर वेळी उकळून घेतलेली बाटली, आणि हे सगळं करायला गॅस. छावणीत गॅस सामायिक चुलाण्यापुरता असतो आणि पाण्याला रांग असते. मग बाटली नुसती विसळली जाते, पाणी कोमटच घेतलं जातं आणि जुलाब सुरू होतात. तिकडे बाळ अंगावर कमी पितं, म्हणून आईचं दूधही कमी होत जातं. पाचव्या दिवशी डबा तळाला गेलेला, दूध आटलेलं, आणि नवा डबा येणार कुठून? मग आई उरलीसुरली पावडर जास्त पाण्यात कालवून पुरवत राहते. तान्हं मूल असंच वाळतं.

हा कायद्याचाही भाग आहे. बाळाच्या दुधाचे पर्याय आणि बाटल्या यांच्याबद्दलचा आपला कायदा १९९२ चा. अनाथालय सोडून कुणालाही या वस्तू दान करायला त्याच्या पाचव्या कलमात मनाई आहे. मदतकार्याचे आंतरराष्ट्रीय नियमही हेच सांगतात. तरी दर वेळी खोक्यात तोच डबा.

हो, आई नसलेल्या बाळाला वरचं दूध लागतंच, मान्य. ते डॉक्टर ठरवतो, पाजायला वाटी-चमचा देतो, आणि बाळ पुरेसं मोठं होईपर्यंत पुरवठा तुटणार नाही याची जबाबदारी घेतो. गेटवरच्या खोक्यातून ते होत नाही.

"ताणामुळे बाईचं दूध गेलं असेल" असं काकू म्हणतील. ताणाने पान्हा उशिरा सुटतो, दूध संपत नाही. बाळाला पुन्हा पुन्हा अंगावर घेतलं की ते येतं. आईचं न पाजण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं: शाळेच्या एका हॉलमध्ये ऐंशी माणसं, त्यात परके पुरुष, आणि आडोसा नावालाही नाही. पदराखाली घ्यावं तर पदर नाही, कारण तिकडे साडी नेसतच नाहीत. खोऱ्यातल्या मैतेई समाजाच्या बायका फनेक नेसतात, डोंगरातल्या कुकी-झो बायका पुआन; दोन्ही कमरेला गुंडाळायची वस्त्रं. आपल्या साड्या तिथे नेसायच्या कुणी?

आपला सगळा अनुभव पुराचा आहे, घोटाळा इथेच होतो. २०१९ ला सांगली-कोल्हापुरात पाणी आलं, ओसरलं, लोकांनी चिखल उपसला आणि घर पुन्हा उभं केलं. पूरग्रस्ताचं घर निदान जागेवर असतं. ३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी-झो यांच्या संघर्षात मणिपूर पेटलं, साठ हजारांच्या आसपास माणसं घराबाहेर पडली आणि त्यांचं गाव पलीकडच्या बाजूला राहिलं. खोऱ्यात आलेला मैतेई डोंगराकडच्या चुराचांदपूरला परत जाऊ शकत नाही, कुकी-झो माणूस इंफाळला जाऊ शकत नाही. मधे बफर झोन आहे आणि त्यावर केंद्रीय दलांचा पहारा. कित्येक घरं जळाली, उभी असलेली डोळ्यांनी बघायलाही मिळत नाहीत. दोन वर्षांनंतरही हजारो लोक छावण्यांतच होते. आपली मदत मात्र पहिल्या पंधरा दिवसांचीच, आणि तिच्यात साड्या आणि पावडर.

आता हिशेब मांडते, कारण नुसतं "मदत करा" म्हणून काही होत नाही. तीनशे माणसांची एक छावणी धरा, शाळेच्या इमारतीतली. माणशी किमान १५ लिटर पाणी म्हणजे रोज साडेचार हजार लिटर, जवळजवळ पाच हजाराचा एक टँकर. एक दिवस टँकर आला नाही की लोक मिळेल तिथलं पाणी आणतात. तांदूळ माणशी ४०० ग्रॅम धरला तर रोज १२० किलो, महिन्याला साडेतीन टनांच्या वर. डाळ ५०-६० ग्रॅम, तेल २५-३० ग्रॅम, आयोडिनचं मीठ. तांदळाचे ट्रक मिळतात, ते शिजवायच्या गॅसचे पैसे कुणीच देत नाही, कारण सिलिंडरचा फोटो चांगला येत नाही. अंगाचा साबण माणशी महिन्याला पाव किलो, म्हणजे १०० ग्रॅमच्या साडेसातशे वड्या. कपड्यांचा वेगळा. खोक्यात आज साबणाची एक वडी नव्हती.

पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायची रीत आपल्या गावागावांत माहीत आहे. साधारण हजार लिटरला पाच ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं आणि पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची ओटी टेस्ट करायची. पिवळसर रंग आला तर पाणी प्या. चुकतं कुठे? पोतं उघडं राहतं, दमट हवेत पावडरीतला क्लोरीन उडून जातो, आणि लोक तेच मेलेलं पीठ महिनाभर टाकत राहतात. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळायचं, नाहीतर क्लोरीन गाळावरच खर्च होतो. म्हणून पोतंभर पावडरीपेक्षा घट्ट झाकणाचे चार डबे आणि एक टेस्ट किट पाठवा.

शौचालयांचं सांगताना मला सगळ्यात जास्त चीड येते. शाळेतली शौचालयं दिवसा, पोरांसाठी, पाच तासांच्या वापराची. तिथे तीनशे माणसं दिवसरात्र. जगभर मानलं जातं ते २० माणसांमागे एक, म्हणजे पंधरा. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ३० मागे एक म्हटलं, तरी दहा हवीत. त्यातली बायकांची पुरुषांच्या तिप्पट, वेगळ्या बाजूला, राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत. खड्डा पाण्याच्या जागेपासून ३० मीटर दूर. आणि आतून कडी! दारं बसवतात, कडी राहते. रात्री बायका जायचं टाळतात, संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत, लघवीला आग होते, गरोदर बाईला तर ते जड जातं. एक कडी, चार स्क्रू आणि वाटेवर एक सौर दिवा एवढ्यावर ते थांबतं. पॅड पाठवणार असाल तर गडद पिशवी आणि टाकायला झाकणाचा डबा सोबत हवा. डबा नसेल तर पॅड शौचालयाच्या भांड्यात जातात, आठवड्याभरात ते तुंबतं, आणि दहातलं एक कमी होतं.

औषधांचं खोकं तर नकोच. अर्ध्या संपलेल्या पट्ट्या, तारीख गेलेली सिरपं. छावणीत आधी वही लागते: कुणाला बीपीची, साखरेची, फिटची गोळी चालू आहे, मात्रा किती, किती दिवसांची उरली. टीबीच्या आणि एचआयव्हीवरच्या एआरटी गोळ्यांत खंड पडता कामा नये. एचआयव्हीचं प्रमाण देशात जास्त असलेल्या राज्यांत मणिपूर आहे, आणि पळताना गोळ्या कोण उचलतं? ती वही कुणाच्याही फोनमध्ये फोटो होऊन जाता कामा नये, हेही तितकंच महत्त्वाचं.

पाठवायची रीत सांगते. खोकं पंधरा किलोच्या वर नको, एका माणसाला उचलता आलं पाहिजे. एका खोक्यात एकच वस्तू आणि चारही बाजूंना नाव. कारण माल वाटेत उतरतो आणि दुसऱ्या गाडीत चढतो. मैतेई ड्रायव्हर डोंगरात जाऊ शकत नाही आणि कुकी ड्रायव्हर खोऱ्यातून. पंगाल, म्हणजे मणिपुरी मुसलमान, किंवा तिसऱ्या समाजाचा ड्रायव्हर शोधावा लागतो. आजच्यासारखं साड्या-गणवेश-पावडर एकत्र कोंबलेलं खोकं तिथे फोडून वेगळं करायला दोन माणसं लागतात, आणि ती दोन माणसं त्या वेळी पाणी भरत असायला हवीत.

पैसे पाठवायला लोक बिचकतात, बरोबरच आहे, फसवणूक होते. मग छावणीशी फोनवर बोलून यादी मागवा आणि तेवढंच पाठवा.

दुसरा राग सरकारी कागदाचा. पूर आला की पंचनामा होतो, राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ठरलेला दर मिळतो, कमी असला तरी हक्क सांगता येतो. चक्रीवादळ, दुष्काळ, गारपीट, टोळधाडसुद्धा त्या यादीत आहे. दंगल नाही. देशांतर्गत विस्थापितांसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाहीच. मग मिळतं ते पॅकेज, सरकारच्या मर्जीनुसार. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन माजी महिला न्यायमूर्तींची समिती नेमली: गीता मित्तल, आशा मेनन आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयातल्या शालिनी फणसळकर-जोशी. समितीने सुरुवातीलाच बोट ठेवलं ते जळालेल्या कागदांवर. आधार, रेशनकार्ड, दाखला, जमिनीचा उतारा, पासबुक. कागद नाही म्हणून पॅकेजही नाही, कॉलेजला प्रवेशही नाही. तुमच्यातल्या कुणाला लॅपटॉप चालवता येत असेल, तर तिकडच्या कार्यकर्त्यांना विचारून फॉर्म भरायचं काम घ्या. ते साड्यांपेक्षा शंभरपट मोलाचं.

एवढं लिहून राग उतरला. काकूंना खाली बोलावून सगळं सांगितलं. त्या गप्प बसल्या, मग डबा उचलला आणि म्हणाल्या, "मग त्या बाळाला काय पाठवू?"

बाळाला काही नको, काकू. त्याच्या आईला द्या. रोज एक अंडं, मूठभर शेंगदाणे, डाळीची एक जादा वाटी, प्यायला भरपूर पाणी. आणि आडोसा. हॉलच्या कोपऱ्यात आठ फुटांची दोरी, तिच्यावर साडेसहा फूट उंचीचा पडदा. चुण्यांसकट चार पट्टे लागतात, आणि कापड दुहेरी हवं, नाहीतर दिव्याच्या उजेडात आतली सावली बाहेर दिसते.

काकूंनी खोक्यातल्या साड्या बाहेर काढल्या. सुती, गडद, सहा निघाल्या. एका साडीचे दोन पट्टे, दुहेरी म्हणून चार साड्या, दोन उरतील. मघाशी नको म्हटलेल्या साड्या उपयोगी पडल्या. रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. मशीन काढून बसल्या आहेत. विचारत होत्या, दोरी ओवायला नेफा वरच ठेवू की खालीही, म्हणजे वाऱ्याने उडणार नाही. खाली नेफा नको, काठात वाळू भरून शिवा म्हटलं.