चार लाख बारा हजारच

"चार लाख बारा हजारच दिसतायत, मॅडम."

बँकेच्या काउंटरवरचा मुलगा हे बोलला, त्याला आज तीन दिवस झाले. आकडा मी माफ केला आहे, तो खराच आहे. 'च' माफ केलेला नाही. "तूच ये गं" म्हणताना आपण लावतो तो च मायेचा असतो. हा तो नव्हता. हा स्थळ बघायला आलेल्या मंडळींनी ताटाकडे बघत "पोहेच?" म्हणावं तसा होता. आणि तो भरल्या बँकेत लावला गेला होता. पासबुकाचं मशीन 'बंद आहे' अशी पाटी गळ्यात घालून उभं असल्यामुळे डोंबिवलीतले निम्मे पेन्शनर तेव्हा बाकावर बसून होते, आणि ऐकण्यासारखं दुसरं काही चाललेलं नव्हतं.

झालं होतं असं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघंच पहिल्यांदा परदेशी निघालोय. पोर्तुगाल आणि स्पेन. पॅरिस आणि स्वित्झर्लंड मुद्दाम नाही, कारण तिथे आमचे सगळे नातेवाईक जाऊन आलेत आणि प्रत्येकाकडे सल्ले आहेत. लिस्बनबद्दल कुणाला काही ठाऊक नसेल, आपण शांतपणे जाऊन येऊ, असा माझा हिशोब होता. व्हिसाच्या यादीत बँकेचं स्टेटमेंट होतं, बँकेच्या सही-शिक्क्यासकट. तेवढ्यासाठी मी ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी काढली होती.

"दोघांचं मिळून का हे?" मुलाने विचारलं. विचारलं नवऱ्याला. खातं माझं, पगार माझा, सही माझी, आणि प्रश्न त्याला. नवरा फाईल छातीशी धरून उभा होता. तो म्हणाला, "हो, म्हणजे तिचं." मुलाने सहानुभूतीने मान हलवली. कोणाबद्दल सहानुभूती ते कळलं नाही.

"कुठे निघालात?" हा आवाज मागून आला.

पांढरा हाफशर्ट, खांद्याला कापडी पिशवी, हातात प्लॅस्टिकच्या कव्हरातलं पासबुक. वय पंचाहत्तरच्या पुढे. हे आजोबा बाकावरून उठून माझ्या डाव्या खांद्यापाशी कधी आले ते मला कळलंच नाही.

"पोर्तुगाल," मी म्हटलं.

"मुलगा असतो का तिथे?"

"नाही. फिरायला."

"फिरायला पोर्तुगाल!" त्यांनी बाकाकडे वळून जाहीर केलं. बाकावर हळहळ पसरली. "अहो ताई, पोर्तुगीज आपल्याकडेच होते की! वसईला या, माझं गाव आहे. किल्ला दाखवतो. चर्चची छपरं गेलीत, पण भिंती अजून उभ्या आहेत. सतराशे एकोणचाळीसला चिमाजीअप्पांनी घेतला. आपण त्यांना घालवलं, आणि तुम्ही आता पैसे घेऊन त्यांच्याच दारात?"

"चार लाख बारा हजारच," मुलाने आठवण करून दिली.

"आणि खायचं काय तिथे?" आजोबा बोटं मोजायला लागले. "पाव त्यांचा. बटाटा त्यांनी आणला, मिरची त्यांनी आणली. बेसन तेवढं आपलं. स्टेशनबाहेर वडापाव खाल्लात की झालं तुमचं पोर्तुगाल. पंधरा रुपयांत."

"वीस झालाय," बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"पगार शब्दसुद्धा त्यांचाच," आजोबा मुलाला म्हणाले. मुलाने पहिल्यांदाच स्क्रीनवरून मान वर केली. "पगार, चावी, आणि तो तुमचा लिलाव." भिंतीवर तारण ठेवलेल्या सोन्याच्या लिलावाची नोटीस होती, तिच्याकडे त्यांनी बोट दाखवलं. मला वाटतं त्या क्षणी बँकेत सगळ्यांनाच पोर्तुगीजांचा थोडा राग आला.

इथवर मी हसत होते. मग प्रिंटर सुरू झाला आणि थांबेचना. यूपीआयने आपलं आयुष्य सोपं केलं म्हणतात. केलं असेल, पण त्याने ते लिहूनही ठेवलं. पूर्वी माझ्या स्टेटमेंटमध्ये महिन्याला आठ नोंदी असायच्या आणि त्यावरून मी एक गंभीर बाई वाटायचे. आता अडतीस पानं निघाली. प्रत्येक पानावर शिक्का हवा, गोलच, लांबट चालत नाही. मुलाचा एक हात शिक्क्यावर आणि दुसरा सारखा वाजणाऱ्या फोनवर. पानं कोण उलटणार?

आजोबांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुढे झाले. मी "काका, राहू द्या, मी करते" म्हणेपर्यंत पहिलं पान उलटलं होतं. त्यांना मदत करायची होती, यात मला शंका नाही. पण छापलेलं दिसलं की मोठ्याने वाचायचं, ही त्या पिढीची सवय.

"कोथिंबीर पस्तीस," धप्प. "रिक्षा, रिक्षा, रिक्षा. स्टेशन जवळ आहे की हो तुमचं, चालत नाही का?" धप्प. "पाणीपुरी ऐंशी. पाणीपुरी ऐंशी. हे दोनदा आलंय बघा, चुकून कापले असतील."

"चुकून नाहीत," मी म्हटलं.

"एकाच दिवशी?"

नवरा खिडकीबाहेर बघत होता. चौदाव्या पानावर "पार्लर, अठराशे पन्नास" आलं, तेव्हा मात्र तो आत बघायला लागला. आजोबा एक क्षण थांबले. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. पैसे कुठे गेले ते शोधत असावेत. मग अतिशय सभ्यपणे काही न बोलता पान उलटलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तेविसाव्या पानावर नवऱ्याला माझ्या भिशीचा शोध लागला. त्यावर घरी जी चर्चा झाली ती इथे देत नाही.

हे सगळं आता पोर्तुगालच्या वकिलातीतला कोणी अधिकारी वाचणार. तो रिक्षा मोजेल का? कोथिंबिरीवरून त्याला माझा देशाशी असलेला ऋणानुबंध कळेल का? कारण खरी अट तीच आहे. तुम्ही परत येणार हे सिद्ध करा. परतीचं बुकिंग दाखवा, नोकरीचं पत्र दाखवा, रजेचा अर्ज दाखवा. प्रवासविमा कमीत कमी ३०,००० युरोंचा, आणि त्यात मृत्यू झाला तर मायदेशी परत पाठवायचा खर्चही धरलेला असला पाहिजे. म्हणजे मेल्यावर मी नक्की परत येणार, याची सोय चोख. जिवंत परत येण्याबद्दलच त्यांचा भरवसा नाही.

रात्रींची तर वेगळीच गंमत. शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. त्याचा नियम असा की ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. सारख्या असतील तर जिथे आधी उतराल तिथे. आमचं गणित पोर्तुगालात लिस्बन चार, पोर्तो तीन; स्पेनमध्ये सेव्हिल दोन, ग्रनाडा दोन, माद्रिद तीन. सात-सात. मला ग्रनाडात एक रात्र जास्त हवी होती, कारण तिथल्या अलहांब्रा किल्ल्यातल्या नासरी महालात ठरल्या वेळेलाच सोडतात आणि सोयीची वेळ मिळत नव्हती. पण पोर्तोची एक रात्र तिकडे सरकवली की अर्ज स्पेनकडे जातो. म्हणजे नवा फॉर्म, नवी यादी, नवी अपॉइंटमेंट. नवऱ्याने तक्त्यावर हात ठेवून सांगितलं, "आता कशाला हात लावू नकोस." नवसाचं गाऱ्हाणं घातल्यासारखी ती सहल आता तशीच्या तशी पार पाडायची आहे.

त्याचं स्वतःचं दुःख निराळं आहे. तो रेल्वेवेडा. लिस्बन आणि माद्रिद, शेजारी देशांच्या राजधान्या, तर मध्ये एक छानशी रात्रीची गाडी असणार असं त्याने गृहीत धरलं होतं. होतीही. २०२० साली कोविडमध्ये बंद पडली ती परत सुरूच झाली नाही. आता गाड्या बदलत बदलत दिवस घालवा, नाहीतर बस, नाहीतर विमान. लिस्बन ते सेव्हिल तर बसच. ती सहा-सात तासांची, वर सीमा ओलांडली की घड्याळ एक तास पुढे. "आपल्याकडे एवढ्या अंतराला..." असं म्हणून तो गेला आठवडाभर मध्येच थांबतो आणि पंखा बघत बसतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. लिस्बनला बेलेमचा जेरोनिमोस मठ बघायचा आहे, वास्को द गामाची कबर तिथेच आहे, म्हणून त्याच्याबद्दल वाचत बसले. १४९८ साली तो कालिकतला आला, हे शाळेपासून माहीत होतं. तिथल्या सामुद्री राजासाठी त्याने काय भेट आणली होती, ते मात्र शाळेत सांगितलं नाही. कापडाचे बारा तुकडे, काही टोप्या, पोवळ्याच्या चार माळा, हात धुवायची सहा भांडी, साखर, तेल आणि मध. राजाची माणसं ते बघून हसली. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, राजाला द्यायचं तर सोनं आणा, म्हणाली.

म्हणजे "एवढंच?"

मला वास्कोबद्दल कधी नव्हे तो जिव्हाळा वाटला. सहा भांडी! मग आठवलं की चार वर्षांनी तो तोफा घेऊन परत आला. जिव्हाळा ओसरला.

आणि खरं सांगायचं तर विनोद इथे संपतो. आज लिस्बनच्या कुठल्याही बाईला भारतात यायचं तर ती घरच्या सोफ्यावर बसून ई-व्हिसाचा फॉर्म भरते. तिची कोथिंबीर कोणी वाचत नाही. मी मात्र बोटांचे ठसे द्यायला डोंबिवली लोकलमध्ये उभी राहून मुंबईला जाणार, माणशी ९० युरो भरणार, वर त्या केंद्राचे पैसे वेगळे, आणि नाही म्हणाले तर यातला एक पैसाही परत नाही. पंचवीस वर्षं टॅक्स भरला, एक हप्ता चुकवला नाही, आणि साठवलेल्या पैशाने दोन आठवडे कुठे जाऊन यावं म्हटलं तर आधी मी फरारी नाही हे मला दाखवायचं. नवरा म्हणतो, असं लिहू नकोस, व्हिसावाले वाचतील. वाचू देत. शिक्का मारून देते हवं तर.

आजोबांनी निघताना मला बाजूला घेतलं. त्यांना वाटलं असावं, जरा जास्तच बोललो. हळूच म्हणाले, "जाऊन या हो. छानच असेल. फक्त एक लक्षात ठेवा. वसईच्या चर्चच्या घंटा अप्पांच्या लोकांनी आणून आपल्या देवळांत लावल्यात. एक वाईजवळ मेणवलीला आहे, घाटावर. पोर्तुगालात कोणी विचारलं, तर माहीत नाही म्हणायचं."

मी तसं वचन दिलं.

काल संध्याकाळी फाईल लावताना पानं मोजली. अडतीस. शिक्के मोजले. सदतीस. परत मोजले. पाणीपुरीच्या पानावर शिक्का नाही. आजोबा तिथे वाचत थांबले, मुलाने हवेत शिक्का मारला असणार.

सोमवारी परत अर्धा दिवस सुट्टी. पासबुकाचं मशीनही सोमवारीच दुरुस्त व्हायचं आहे, असं बाकावर सगळे म्हणत होते.